फ्रिजची चावी

भूत-बित आपण मानत नाही बा. अकरा वर्षं लेबर रूममध्ये नर्स म्हणून काढली, किती मरणं पाहिली... एकही परत आलं नाही. पण गोंडपिपरीकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात भर दुपारी जे झालं, ते पोटात ठेवून ठेवून आता सहन होत नाही. म्हणून लिहिते.

आम्हा कंत्राटी नर्सेसचा संप होता – कायम करा म्हणून. गेटसमोर मांडव टाकून बसलो होतो. आत ड्युटीवर एकटी शोभा. आम्ही एकाच बॅचच्या. ती कायम झाली, मी कंत्राटीच राहिली. दोन वर्षं बोलणं नव्हतं. आमच्याकडे ड्युटी बदलताना इंजेक्शनच्या फ्रिजची चावी हातात देऊन रजिस्टरवर सही घ्यायची पद्धत आहे. एकच चावी, गॉजची पट्टी बांधलेली. त्या सकाळी माझी रात्रपाळी संपली, पण मी ती शोभाला दिलीच नाही, कमरेला खोचून मांडवात आली. होऊ दे बाईची फजिती, म्हटलं!

बाराच्या सुमारास आमची आया कमलाबाई धावत आली. "बाई, चावी द्या ना वो! बाळंतिणीचं रक्त थांबून नाई राह्यलं, इंजेक्शन फ्रिजमंदी हाय!"

आणि मी... कोणत्या तोंडाने लिहू... मी म्हटलं, "माह्याजवळ नाई."

ती रडत परत गेली. मी बसूनच राहिली. चार-पाच मिनिटांनी आतून बाळंतिणीच्या सासूचा हंबरडा ऐकू आला. मी चावी मुठीत धरून धावत सुटली.

फ्रिज उघडा होता. इंजेक्शन देऊन झालं होतं, रक्त थांबत आलं होतं. शोभाने तशीच मला मिठी मारली. "तू आली नसती त मेली असती वं ते पोरगी! खिडकीतून चावी देली, अन् मंग कुठी गेली तू?"

मी मूठ उघडलीच नाही. चावी आतच होती, घामाने भिजलेली.

मांडवात शेजारी बसलेल्या दोघींना नंतर विचारलं. "तू तं जागची हललीच नाई," त्या म्हणाल्या. शोभाला घाईत भास झाला म्हणावं, तर कुलूप उघडलं कसं? दुसरी चावी नव्हतीच. काहीच उलगडत नाही.

शोभा आता माझ्या डब्यातलं खाते. त्या पोरीने लेकीचं नाव माझंच ठेवलंय. लसीला आणली की बाळाला माझ्या पायावर घालते. मी पाय मागे घेते, अन् ती हसते. तिला वाटतं, बाई लाजतात.