माऊसचा वेग आणि अप्पांचा हात

दुपारपासून जिवाला घोर लागलाय, म्हणून इथे लिहितोय.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी फक्त अप्पा, म्हणजे माझे वडील करतात. ऑर्डरी लिहायला मी त्यांना जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलंय.

आज त्यांनी हाक मारली. "माऊसचा बाण परत थरथरतोय बघ. अजून हळू कर."

सेटिंग उघडली. वेग आधीच सगळ्यात कमी होता. मागच्या वेळी मीच केलेला. एकच अक्षर दोनदा उमटू नये, म्हणून कीबोर्डची सेटिंगही बदलून झालीय.

"नवीन माऊस आणतो," मी म्हणालो.

"आण. जुना झालाय हा, दुसरं काय नाय," म्हणत अप्पांनी ब्रश उचलला आणि मूर्तीसमोर बसले.

माऊस चांगला आहे, हे मला माहीत होतं. पण ब्रश थरथरतोय का, हे बघायला मी थांबलो नाही.

तुम्ही थांबला असतात?