मामाचे गुडघे

माझ्या मामाने आयुष्यभर एकच काम केलं, लोकांच्या पायात बूट घालायचं. बाजारातल्या मोठ्या दुकानात काचेच्या दाराजवळच्या बाकापाशी त्याची जागा. गिऱ्हाईक बाकावर बसलं की मामा समोर बुटक्या स्टुलावर, हातात पायाचं माप आणि खांद्यावर फडकं. मग उठायचं, शिडी चढायची, वरचं खोकं काढायचं, पुन्हा खाली बसायचं. दिवसातून किती वेळा, ते देवाला ठाऊक. म्हातारपणी त्याचं बाकी सगळं कुरकुरायला लागलं, पण गुडघे ठणठणीत. आजही जिन्यात तो पुढे असतो आणि मी मागे धापा टाकत.

विक्रेता म्हणून तो मालकाच्या डोक्याला ताप होता. बूट तंग झाला की बाकीचे म्हणायचे, "वापरून वापरून सैल होईल." मामा म्हणायचा, "हा चावेल तुम्हाला. दुसरा बघू." मालक गल्ल्यावरून डोळे वटारायचा. पण लोक मामालाच शोधत यायचे, त्यामुळे मालकाचं काम वटारण्यावरच थांबायचं.

मामाची एक वाईट खोड. स्वतःचं दुखणं कुणाला सांगायचं नाही. अपेंडिक्स फुटायची वेळ आली तरी हा बाबा घामाने निथळत म्हणतोय, "काही नाही गं, जरा उकडतंय." पायावर शिडी पडून बोट मोडलं, तेही आम्हाला डॉक्टरकडून कळलं. माझी आई म्हणजे त्याची मोठी बहीण. त्याच्या "मी बरा आहे"वर ती तेव्हापासून काडीचा विश्वास ठेवत नाही.

आता आईच्या गुडघ्यांकडे येते. उजवा पार झिजलेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवलं, हाडाला हाड घासत होतं. म्हणाले, गुडघा बदलायला हवा. लांबवलंत तर सगळा भार डाव्यावर येऊन तोही जाईल, आणि मग चालणंच सुटेल. आई पहिल्यापासून घाबरट. तिला ऑपरेशनला तयार करता करता माझ्या तोंडाला फेस आला. अखेर एकदाची "बरं बाई" म्हणाली. तारीख मिळाली, हॉस्पिटलची पिशवीसुद्धा भरून ठेवली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पेपरातून ते मेलं गुळगुळीत पत्रक घरात आलं.

त्यावर दोन फोटो होते. एकात एक म्हातारा गुडघा धरून, तोंड वेडंवाकडं करून बसलेला. दुसऱ्यात तोच म्हातारा हातात तेलाची बाटली घेऊन हसत हसत पायऱ्या चढतोय. खाली छापलं होतं, "डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, मी म्हणालो तेल! – एक निवृत्त शिक्षक." तो निवृत्त शिक्षक म्हणजे आमचा मामा!

मी पोट धरून हसले. मामा आणि शिक्षक! शाळेत असताना तो वर्गात कमी आणि बाहेर जास्त असायचा. वळून बघते तर आईच्या डोळ्यांत पाणी.

"बघ," ती म्हणाली, "इतकं दुखत होतं त्याला. मला एका शब्दाने बोलला नाही."

संध्याकाळच्या आत तिने तेल मागवलं आणि हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. मी कपाळावर हात मारून घेतला.

मामाला बोलावून घेतलं. पत्रक बघून तो मटकन खुर्चीत बसला.

"बागेत भेटले होते," तो म्हणाला. "फोटो काढायचाय म्हणाले."

"तेल विकायचंय हे माहीत होतं तुला?"

"हातात बाटली दिली होती."

"आणि हे तोंड वाकडं?"

"तसं करा म्हणाले. पण ऑपरेशनचं कुणीच बोललं नव्हतं गं. तुझी शपथ."

"माझी शपथ काय घेतोस? जा, तिला सांग."

तो आत गेला. "ताई, माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत. ते तेल मी थेंबभरही लावलेलं नाही."

आईने त्याच्याकडे मायेने पाहिलं. "हो का? तुझं अपेंडिक्सही दुखत नव्हतं."

"अगं, यात मला शिक्षक केलंय! एवढं खोटं दिसत नाही का तुला?"

"ओळख लपवायला लिहितात तसं. तुला संकोच वाटू नये म्हणून."

मामा इरेला पेटला. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने उठाबशा काढल्या. सत्तरी उलटलेला माणूस, कान लाल, श्वास फुललेला. आई कौतुकाने म्हणाली, "बघ गं, किती गुण आलाय."

पत्रकावरच्या नंबरवर मामाने फोन केला. पलीकडच्या गोड आवाजाने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्यालाच तेल घ्यायचा आग्रह केला. तोच आवाज रोज सकाळी आईलाही फोन करायचा. मी तिला विचारायचे, "गोळी घेतलीस का?" तो विचारायचा, "आई, झोप लागली का?" मग आईला कोण आवडणार, सांगा! मला त्या पोराचा असा राग यायचा की फोनच फोडावा.

घरभर कापराचा वास. आई आधी काठी घेऊन चालायची, मग काठी आणि भिंत. महिने गेले. तेल संपलं की नवी बाटली यायची. एका संध्याकाळी ती दारातल्या पायऱ्या कशीबशी उतरली आणि तिला पुन्हा चढता येईना. मी आणि मामाने तिला खुर्चीत बसवून उचलून आत आणलं. आता डावा गुडघाही सुजलेला. तरी म्हणते कशी, "मीच तेल कमी चोळलं असेन."

मामा तिच्या समोर जमिनीवर बसला.

"ताई, ऐक. ते काय विकतायत ते मला तेव्हाच कळलं होतं. दुखत नसताना दुखतंय असं दाखवायचं, हेही कळत होतं."

"मग का केलंस?"

"त्यांनी मला मोठ्या खुर्चीवर बसवलं. फोटोसाठी नवे बूट आणले होते. एक मुलगी आली आणि माझ्या पायाशी बसली. तिने माझ्या पायात बूट घातले, नाड्या बांधल्या. विचारलं, 'आजोबा, चावत नाहीत ना?' ताई, जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या पायाशी बसलं होतं. मला इतकं बरं वाटलं... मग ती म्हणेल ते मी करत गेलो."

त्याने मान खाली घातली. आई त्याच्याकडे बघत राहिली. दुखणं लपवणारा तिचा भाऊ तिला पाठ होता, पण ही असली लाजेची गोष्ट तो स्वतःच्या मनाने रचून सांगणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाड्या तरी नीट बांधल्या होत्या का तिने?"

"छे. सैलच होत्या."

"फोन लाव गं हॉस्पिटलला," आई मला म्हणाली.

डॉक्टर चांगलेच रागावले. एकावर भागलं असतं, आता दोन्ही बदलावे लागले. आईने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि मामा भिंतीला टेकून उभा राहिला. ऑपरेशनं नीट झाली. दुखणं मात्र दुप्पट. पहिल्या दिवशी वॉकर धरून उभी राहताना आई ओरडली, तेव्हा मामा खिडकीकडे तोंड करून रडत होता.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला शेजारच्या खाटेवरच्या बाईंची बहीण आली आणि मामाकडे बघतच राहिली. "तुम्ही ते तेलवाले शिक्षक ना? आमच्या ह्यांनी तुमचा फोटो कपाटावर चिकटवलाय. ऑपरेशनचं नावच काढू देत नाहीत." मामाचा चेहरा पांढराफटक पडला. काहीतरी पुटपुटून तो निघून गेला. त्यानंतर वर येईचना. खाली फाटकापाशी बसून राहायचा आणि डबा माझ्या हाती द्यायचा.

"तोंड दाखवायची सोय राहिली नाही," तो मला म्हणाला. मी ते आईला तसंच सांगितलं. तिने मला त्याला हाताला धरून वर आणायला लावलं.

"त्या दारापाशीच्या खुर्चीत बस," ती त्याला म्हणाली. "लोक तुझं तोंड ओळखतात ना? ओळखू देत. ओळखलं की विचारतील. विचारलं की खरं ते सांग."

"नाही ठेवला विश्वास तर? तू तरी कुठे ठेवलास?"

"मग बुटांचं सांग."

मामा जाऊन त्या खुर्चीत बसला. त्याच दिवशी शेजारच्या बाईंना भेटायला त्यांची बहीण नवऱ्याला घेऊन आली. तो बिचारा एका हाताने बायकोला आणि दुसऱ्या हाताने भिंतीला धरून, पाय ओढत येत होता. मामाला बघून त्याचा चेहरा उजळला. मामा उठला, त्याला खुर्ची दिली आणि त्याच्यासमोर उभा राहिला. वॉर्डात सगळ्यांना ऐकू जात होतं. त्याने सगळं खरं सांगितलं, अगदी नाड्यांपर्यंत.