झुंबरबाईंनी जपलेला डाव

मी कर्जतला बुद्धिबळाचा वर्ग चालवतो आणि जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून बसतो. चाली लिहून न ठेवणाऱ्या खेळाडूवर डाफरण्याबद्दल माझी ख्याती आहे. गेली तीन वर्षं आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या जुन्या बुद्धिबळाचा इतिहास गोळा करायचं खूळ डोक्यात शिरलंय. त्यापायी मिरजगावपासून तिसगावपर्यंत मोटारसायकल पिदडली, गावोगावचा चहा ढोसला, आणि हाती काय लागलं? "आमचे आजोबा लई भारी खेळायचे." झालं! कुणाशी खेळायचे, कसे खेळायचे, याचं एक चिटोरं नाही.

तिसगावच्या बाजारात भागवत नावाचा भेळवाला भेटला. त्याच्यापुढंही मी हेच रडगाणं गायलं. तो भेळ कालवता कालवता म्हणाला, "झुंबरबाईकडं जावा की. लोकं उसाला निघाली म्हंजी राहिल्यालं डाव तिच्याकडं ठिवून जायची."

"डाव ठेवून जायची म्हणजे?"

"आता त्ये तिलाच इचारा. मला भेळ करू द्या."

झुंबरबाईंची वस्ती तिथून पाच-सहा किलोमीटरवर. वय सत्तरीच्या पुढं, उजवा पाय लहानपणापासून अधू, जीभ मात्र पायाची कसर भरून काढणारी. जुने डाव कागदावर लिहिलेले आहेत का, असं मी विचारलं तर त्या हसल्याच. "मास्तर, आमच्यात लिवनारं कोन हुतं?" आणि त्यांनी पत्र्याची पेटी उघडून चार गोधड्या काढल्या.

मग हळूहळू उलगडा झाला. दसरा झाला की गल्लीतली धडधाकट माणसं, बायकासुद्धा, ऊस तोडायला जायची ती अक्षय तृतीयेच्या सुमारास परतायची. झुंबरबाईंना पायामुळं फडात उभं राहणं जमत नसे. त्या मागं राहून आठ घरांची पोरं आणि म्हातारी माणसं सांभाळायच्या. त्यांचे मालक काकासाहेब थोरल्या भावाबरोबर जायचे. गल्लीला बुद्धिबळाचा भलता नाद. एकेक डाव चार-चार दिवस चाले, आणि टोळीचा ट्रक दारात उभा राहिला तरी संपत नसे. परत आल्यावर भांडणं ठरलेली. माझा घोडा इथं होता, नाही, तिथं होता. एकदा डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा झुंबरबाई म्हणाल्या, "हिकडं आना. मी शिवून ठिवते."

आणि पुढची पंधरा वर्षं त्यांनी खरंच शिवून ठेवलं. चौसष्ट ठिगळांची गोधडी, एक काळं, एक पांढरं. एकाच्या सोंगट्या लाल दोऱ्यानं, दुसऱ्याच्या हिरव्या. प्याद्याला एक टाका, हत्तीला चौकट, उंटाला तिरकी रेघ, वजिराला फुली, राजाला गोल. घोडा अडीच घरं जातो म्हणून त्याला दोन पुरे टाके आणि एक अर्धा. चाल ज्याची असेल त्याच्या रंगाचा दोरा कडेला लोंबता सोडलेला. सोळा वर्षं मी मुलांना डाव लिहायला शिकवतोय. इतकं स्वच्छ लिहिणारा एक विद्यार्थी मला मिळालेला नाही.

पण पहिल्या तीन गोधड्यांवर नुसती सुईची भोकं होती.

"टाके कुठं गेले?" मी ओरडलोच.

"उसावलं. डाव संपल्यावर कशाला ठिवायचं? फुडच्या वर्साला जागा नको?"

मी कपाळाला हात लावला. पंधरा वर्षांचे डाव या बाईनं हातानं शिवले आणि हातानंच उसवले! मी बरंच काही बोललो, बोलू नये तेही बोललो. झुंबरबाईंनी चौथी गोधडी अलगद उलगडली. हिच्यावरचे टाके जागच्या जागी होते.

हा डाव काकासाहेब आणि त्यांचे जिवाभावाचे दोस्त अजिनाथ यांचा, काकासाहेब लाल, अजिनाथ हिरवे. छत्तीस वर्षांपूर्वी तो अर्धा ठेवून दोघं वेगवेगळ्या कारखान्यांकडं गेले. माघात तिकडंच काकासाहेबांना कावीळ झाली आणि ते परत आले नाहीत. गल्लीचा रिवाज असा, की राहिलेला डाव दोघांनी मिळून मागितल्याशिवाय खेळायला काढायचा नाही, आणि तो संपून हरणाऱ्यानं गल्लीत गूळ वाटल्याशिवाय दोघांनीही दुसरा पट मांडायचा नाही. आता मागणारा एकच उरला होता. एके काळी पंचक्रोशीत ज्यांना तोड नव्हती, त्या अजिनाथबाबांनी तेव्हापासून सोंगटीला हात लावलेला नाही.

"मग मला कसा दाखवलात?"

"तुमी बघनारं. खेळनारं न्हाई."

"कोण जिंकत होतं?"

"डाव जपनारीनं त्ये बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

घरात अंधार होता. मी गोधडी अंगणात नेली, ऊन नीट पडेल अशी फिरवली, मोबाईलवर फोटो काढले, आणि परत येताना अजिनाथबाबांच्या दारात थांबलो. शहात्तर वर्षांचा तो उंच माणूस बाजेवरून उठून बसला. "लोकं म्हनत्यात, काकासाहेब गेला म्हनून मी हरता हरता वाचलो. कुनी म्हनतं, डाव माजाच हुता. मला कायबी आठवंना. पर मरायच्या आधी त्याचा निकाल लागू द्या मास्तर. मग मी मोकळा." वहिनींकडं जाऊन हे मागायचं धाडस त्यांना छत्तीस वर्षांत झालं नव्हतं. मी उलटपावली त्यांचा निरोप नेला. झुंबरबाई गोधडीची घडी घालत म्हणाल्या, "मालकाच्या वतीनं मी मागते. टोळ्या परत आल्या की या."

मे महिन्यात त्यांच्या अंगणात सारी गल्ली जमली. मी फोटोवरून पट मांडला. घरी चार वेळा तपासलं होतं, त्यामुळं आवाज अगदी पंचाचा लावला. "हिरवं प्यादं वजीर व्हायला एक घर उरलंय. चाल लालची असली तरी ते अडवता येत नाही. डाव अजिनाथबाबांचा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा चेहरा मात्र उतरला होता. "असंल," ते म्हणाले. "पर टरकात बसल्यावर सबंध रस्ता मला घोर लागला हुता, येवढं याद हाय. जिकनाऱ्याला कशाचा घोर?"

तेवढ्यात मागून झुंबरबाईंचा आवाज आला. "मास्तर, गोधडी उलटी धरली हुती तुमी."

मी वळून पाहिलं. त्या गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका काठाला मधोमध तिकोनी ठिगळ होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये उसं, त्यो पायथा. ज्याच्या घरी डाव मांडला त्यो उशाकडं. उशाकडं मालक, पायथ्याला भावजी. येवढं तर शेंबडं पोरगंबी सांगंल."

मी जन्मल्यापासून गोधडीत झोपतो. प्रत्येक गोधडीला उसं असतं, पायथा असतो, हे मला कुणी सांगायला हवं होतं? पण बुद्धिबळाचा पट अर्धा फिरवला तरी घरं तशीच दिसतात, काळ्याच्या जागी काळं. उन्हासाठी मी गोधडी फिरवली तेव्हा डावही फिरवला, आणि फोटोत खालची बाजू लालची असं धरून चालल्यामुळं प्याद्यांची दिशाच उलटली. सोळा वर्षांचा पंच, आणि कान लाल करून पट पुन्हा मांडायला बसलो. आता वजीर व्हायला निघालेलं हिरवं प्यादं बापडं जागचं हललंच नव्हतं. आणि जे लाल प्यादं मला घरातच बसलेलं वाटलं होतं, ते सारा पट ओलांडून शेवटच्या घराच्या तोंडाशी उभं होतं. चाल लालची.

अजिनाथबाबा पुढं वाकले. बराच वेळ बघत राहिले आणि एकदम हसले. "ह्येच! ह्योच घोर लागला हुता मला. काकासाहेबा, गाठलं हुतंस की रं!" मग त्यांनी मान वर केली. "वैनी, चाल त्याची हाय. तुमी खेळा."

"मी कवा खेळले?"

"छत्तीस वर्सं तुमीच सांबाळलाय. तुमचाच हक हाय."

झुंबरबाई लंगडत आल्या, पदरानं हात पुसला आणि एका बोटानं ते प्यादं पुढं सरकवलं. बाबांनी स्वतःच्या हातानं तिथं वजीर ठेवला. आणखी दोन चाली झाल्या आणि त्यांनी आपला राजा आडवा केला. मग शेजारची पिशवी उघडून गुळाची ढेप काढली. जिंकायची आशा धरून आलेला माणूस गूळ घेऊन येत नाही. दारोदार खडा देताना ते सांगत होते, "काकासाहेबानं मला हरवलं." असा आनंदानं हरलेला माणूस मी कुठल्या स्पर्धेत पाहिला नाही.

"मास्तर, ती कात्री द्या," झुंबरबाई म्हणाल्या.

त्यांनी आधीच काढून ठेवलेली कात्री माझ्या शेजारीच होती. माझ्या तीन वर्षांच्या वणवणीची एकुलती एक खूण त्यांच्या मांडीवर होती, आणि त्या ती आता उसवणार होत्या. देऊ नये असं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण डाव माझ्या वहीत उतरला होता, सुलट. मी काढणार असलेल्या इतिहासाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर तो येणार आहे आणि खाली लिहिणार आहे, 'जपणूक: झुंबरबाई'. मी कोण होतो आणखी मागणारा? मला डाव लिहिणं म्हणजे काय, हे या बाईनं शिकवलं. त्यांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही, असं मी म्हटलंही, जरा चाचरतच. "गूळ खावा," त्या म्हणाल्या.

मी कात्री दिली. पलीकडं अजिनाथबाबा छत्तीस वर्षांनी दुसरा पट मांडत होते. झुंबरबाईंनी एकेक टाका उसवला, लाल प्यादं सगळ्यांत शेवटी. मग उभ्या राहून गोधडी झटकली आणि खांद्यावरून लपेटून घेतली, भर मे महिन्यात.

"येवढी उबदार गोधडी," त्या म्हणाल्या, "पर टाकं निघतील म्हनून कवा पांघरलीच न्हाई."