काँद्रियूची बाटली आणि बाबांचं नाक

बाबांनी डोंबिवली एमआयडीसीत उदबत्त्यांचे सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत तेहेतीस वर्षं नोकरी केली. काम एकच: वास घेणं. त्यामुळे घरात त्यांच्या नाकाला जो मान होता, तो देवघरातल्या बाळकृष्णालाही नव्हता. आमटीत गोडा मसाला जुन्या डब्यातला पडलाय की नव्या, हे ते हॉलमध्ये बसून सांगायचे आणि मग व्हायचं ते भांडण व्हायचं. गेल्या वर्षी तापाने त्यांना आठवडाभर झोपवलं. त्यानंतर ते स्वयंपाकाला नावं ठेवेनासे झाले. "म्हातारपणी का होईना, शहाणपण आलं," आई म्हणाली. मीही तेच समजून बसले.

त्याच्या आधीची गोष्ट. ऑफिसच्या कामासाठी मी फ्रान्सला, ल्यों शहरात गेले होते. रविवारी तिथल्या एका सहकारी बाईने मला काँद्रियूला नेलं. ऱ्होन नदीच्या काठचा उभा चढ, दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्या, त्यांवर व्हिओनिए नावाच्या द्राक्षाचे वेल. पावसाने माती वाहून खाली आली की माणसं ती पाटीत भरून पुन्हा वर नेतात. एवढे कष्ट करून होते ती पांढरी वाइन, ओकच्या पिंपात मुरलेली. मला वास आला तो थेट जर्दाळूंचा, मागून फुलं, आणि लाकडातून उतरलेला व्हॅनिला. लगेच बाबांचं नाक आठवलं. एक बाटली घेतली आणि वासांची यादी कार्डावर लिहून तिच्या गळ्यात बांधली. बनवणारा म्हणाला होता, ही वाइन ठेवू नका, एकदोन वर्षांत पिऊन टाका. तेही लिहिलं.

"ठेवू नका?" बाबा म्हणाले. "अगं, वाइन जितकी जुनी तितकी भारी. त्याला काय कळतंय?"

त्याला म्हणजे, द्राक्षं पिकवणाऱ्याला.

शिवाय आमच्या घरात प्यायला दिवस मिळणंही सोपं नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्यांत संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण. बाटली माळ्यावर गेली, फराळाच्या रिकाम्या डब्यांशेजारी, तापलेल्या स्लॅबच्या बरोबर खाली. तिथे तिने तीन उन्हाळे काढले.

शेवटी त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी रविवार आला. मी आणि नवरा ठाण्याहून कॉर्कस्क्रू घेऊनच गेलो, कारण त्या घरात तो असणं शक्य नव्हतं. वाइन स्टीलच्या पेल्यांत ओतली. बाबांनी पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"जर्दाळू," ते म्हणाले. "पांढरी फुलं. मागे जरा व्हॅनिला, तो लाकडाचा. वा!"

मी माझा पेला उचलला. चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली बाटली असते ना, तो वास. नुसतं व्हिनेगर.

आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, हसत ओरडले, "बाबा, पकडलं! माझं कार्ड पाठ करून म्हणताय. वाइन पार आंबलीये!"

नवरा हसायला लागला होता, तो थांबला. बाबांनी पेल्यात पुन्हा नाक घातलं. मग आणखी एकदा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"ताप येऊन गेल्यापासून काहीच येत नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांनी वाट बघा सांगितलंय. वाटलं, येईल परत."

"वर्षभर? आणि मला बोलला नाहीत?" आई म्हणाली. "मी आपली खुशीत, नावं ठेवत नाहीत म्हणून!"

"काय बोलणार? दुसरं काय येतं मला?" मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तू आंघोळ करून बाहेर आलीस की पेपर वाचता वाचता कळायचं मला. शिकेकाई, मग खोबरेल. आता मान वर करून बघावं लागतं."

माझी मलाच लाज वाटली. आईचे डोळे भरले होते. तिने टीपॉयवर सांडलेली वाइन फडक्याने पुसली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मग बघा की," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत नाहीतरी कधी नीट बघितलंत?"

बाबांनी पेला खाली ठेवला आणि मान वर केली.