हलक्या हाताचे जावई आणि तहानलेली गाडी

आमचे जावई लोकांचं रक्त काढतात आणि वर लोकांचे आशीर्वादही घेतात. एका तपासणीच्या लॅबमध्ये घरोघरी जायचं काम त्यांच्याकडे आहे. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या उशाशी बसायचं, इकडच्यातिकडच्या चार गोष्टी करायच्या आणि "झालं" म्हणायचं. समोरचा विचारतो, "अहो, टोचलंत कधी?" एकोणीस वर्षं असंच चाललंय. मध्ये एकदा त्यांना लॅबच्या खिडकीत नावं लिहायला बसवलं होतं, तर पंधरा दिवसांत चेहरा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला.

म्हणून या हिवाळ्यात मॅडमनी गाडी काढून घ्यायची भाषा केली, तेव्हा आमच्या घरात कुणाला घास गोड लागेना. मॅडम म्हणजे लॅबच्या मालकीणबाई. गाडी त्यांचीच, याच उन्हाळ्यात घेतलेली हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच संसारात, ज्याला जमेल त्यानं ओढायचं. उन्हाळ्यात लिटरला बावीस किलोमीटर जायची. थंडी पडली आणि चौदावर आली.

"गाडी तीच, रस्ते तेच, घरं तीच," मॅडम म्हणाल्या. "मग पेट्रोल पितंय कोण? स्वतःच्या कामाला कुठे फिरवता का? सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर गाडी दुसऱ्याकडे आणि तुम्ही खिडकीत."

जावयांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन सगळं आम्हाला सांगितलं.

रात्रीची भांडी विसळता विसळता लेक म्हणाली, "आई, उद्या जा ना त्यांच्याबरोबर. कुठे थांबतात, कुठे वळतात, बघ जरा."

"म्हणजे सासूची जासूस करतेस होय?"

"तुझ्याइतकं चौकस घरात दुसरं कोण आहे?"

तेही खरंच होतं. सकाळी सहाला मी शाल गुंडाळून गाडीत जाऊन बसले. म्हटलं, "जावईबापू, कान दाखवायचाय. दवाखान्यात सोडा."

"आई, दवाखाना दहाला उघडतो."

"मग दहापर्यंत बसते की."

पहिलं घर दोन गल्ल्या सोडून. गाडी थांबली तरी हे उतरेनात. दोन्ही हात हीटरच्या झरोक्यापुढे धरून उलटसुलट शेकत बसले.

"हे हो काय?"

"गार हात लागला की म्हाताऱ्या माणसाची शीर आत पळते, आई. मग दोनदा टोचावं लागतं. हात ऊन करूनच जातो मी."

एवढं बोलून ते वर गेले. मला थंडी वाजू नये म्हणून गाडी आणि हीटर चालूच ठेवला. मी गप्प बसून ऐकत होते. उभी गाडी आणि इंजिन आपलं घुरघुरतंय. उन्हाळ्यात थांबली की मांजरासारखी गप्प व्हायची. मी हीटरचं बटण बंद केलं. थोड्या वेळानं सगळं शांत. परत चालू केलं, परत घुरघुर. तीनदा करून पाहिलं. कान दाखवायला म्हणून आले होते, पण कान माझे ठणठणीत निघाले.

जावई खाली आल्यावर सांगितलं. म्हणाले, "छे हो, हीटर विजेवर चालत असेल."

"विजेवर चालतो, तर इंजिनाला कशाचा घोर लागलाय?"

मग त्यांनी कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच! मी तिसरीत शाळा सोडली, म्हणून त्यांनाच वाचायला लावलं. हीटरला ऊब मिळते ती इंजिनाच्या उष्णतेतून. इंजिन गार असलं की ते आधी स्वतःला तापवण्यात पेट्रोल घालवतं. थंडीत बॅटरीचाही जोर कमी पडतो. आणि जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या, तर इंजिन धड तापायच्या आत घर येतं.

म्हणजे पेट्रोल पीत होती जावयांची दहा बोटं! कुणाला दुखू नये म्हणून शेकलेली.

त्यांचा फिरायचा क्रमही बघितला. दोन जवळची घरं करायची, नमुने ठेवायला लॅबमध्ये यायचं, चहा, गप्पा, तोवर गाडी पुन्हा बर्फ. मी आयुष्यभर लाँड्रीत कोळशाची इस्त्री फिरवलीय. म्हटलं, "जावईबापू, इस्त्री एकदा तापली की सगळा गठ्ठा उरकायचा. दोन सदरे करून विझवली असती, तर मालकानं मला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं."

मग ठरलं. सगळ्यात लांबचं घर आधी, म्हणजे इंजिन नीट तापेल. येताना बाकीची ओळीनं, मध्ये लॅब नाही. नमुन्यांना बर्फाची पेटी होतीच. लांब राहायचे रिटायर झालेले हेडमास्तर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी पाचपासून उपाशी बसतो. तुम्हीच आठला उगवता!" आणि हात शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी. तिला मी जुन्या स्वेटरची खोळ शिवली.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी स्वतः बसून बघते." मंगळवारी पहाटे पुढे मॅडम, मागे मी. साक्षीदार नको का?

हेडमास्तर झाले, आणखी पाच घरं झाली. मॅडमचे दात वाजायला लागले.

"हीटर लावा हो जरा."

"लावतील की," मी मागून म्हटलं, "पण मग पेट्रोल कोण पितंय ते विचारायचं नाही."

मॅडम हसल्या, आणि जावयांच्या मांडीवरची पिशवीच उचलून आपल्या शालीत घेतली. मालकीणबाईंना नाही कोण म्हणणार?

शेवटच्या घरी त्याही वर गेल्या. पिशवी त्यांच्याच पोटाशी. मी खाली गाडीत होते, आणि दुसऱ्या मजल्यावरून म्हातारीचा आवाज आला, "आई गं! मेल्या, हात आहे का बर्फ?" दोनदा टोचावं लागलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

खाली आल्या तेव्हा मॅडमनी गाडीतल्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्याकडे बघितलं. लिटरला अठरा.

"बावीस का नाही?"

"उन्हाळ्यात सगळेच शहाणे असतात, मॅडम," मी म्हटलं. "थंडीत आपण नाही का चहा एकाचे दोन घेत?"

त्यांनी पिशवी जावयांच्या हातात परत दिली, तीही दोन्ही हातांनी. "गाडी तुमच्याकडेच राहू दे. आणि आजी, पिशवी मी आणते, खोळ तुम्ही अजून एक शिवा. मी बरोबर आले तर माझी वेगळी असू दे."

दुसरी खोळ मी लाल केलीय. चुकून कुणी उचलायला नको.