एका 'मोइन'ची परतफेड

आमच्या घरी जेवायला आलेला जर्मन पाहुणा तळलेली सुरमई निवेपर्यंत दारातच उभा होता, आणि त्याला कारण माझं शिक्षण.

मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. (हे मी कुणालाही दुसऱ्या वाक्यातच सांगतो. इथेही सांगून टाकलं.) सौदीत, राबिघच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथे लार्स नावाचे नवे साहेब आले आणि बातमी फुटली, की जर्मनीत ट्रेनिंगला आमच्यातल्या एकालाच पाठवणार आणि नाव साहेब रविवारी ठरवणार. मी तडक त्यांना शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर जेवायला बोलावलं. (याला लाच म्हणत नाहीत. याला सुरमई म्हणतात.)

मग जर्मन नमस्काराच्या अभ्यासाला बसलो. साधा माणूस 'गुटन टाग' पाठ करून थांबला असता. पण आम्ही कॉलेजात गेलेले! कळलं, की दक्षिणेला बव्हेरियात 'ग्रूस गॉट' म्हणतात, तिथलीच दोस्तमंडळी 'सर्वुस' म्हणतात, शेजारच्या स्वित्झर्लंडात 'ग्रुएत्सी', आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर सकाळ, दुपार, रात्र नुसतं 'मोइन'. आता साहेब नेमके कुठले? ऑफिसात तर ते मान हलवूनच काम भागवत. म्हणून मी सगळेच नमस्कार घरात वाटून दिले.

"आणि आपला सलाम?" बायको शबानानं विचारलं. "तो चपलांबरोबर बाहेर ठेवायचा का?"

"पप्पा, सर को इंग्लिश आती है ना?" सहावीतली झोया म्हणाली. "देन व्हाय?"

"तुला नाही कळणार. हा संस्कृतीचा प्रश्न आहे."

अम्मीला मात्र हे फार पटलं. ती गावाहून व्हिजिट व्हिसावर आली होती. जीव निम्मा आमच्यात, निम्मा मागे ठेवलेल्या कोंबड्यांत. तिचा नियम असा, की कुणी सलाम केला तर त्याहून मोठा परत करायचा. मूठभर आलं, तर ओंजळभर द्यायचं. मग घरच्यांची खुशाली, गुडघे, आंब्याचा मोहोर, कोंबड्या. एवढं झाल्याशिवाय पाहुण्याला आत घेणं म्हणजे त्याचा अपमान! आणि पाहुणा आखडतं बोलला, तर समजायचं तो रुसलाय.

शुक्रवारी बेल वाजली. दारात लार्ससाहेब. कोट, टाय, बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि हातात आइस्क्रीमचा मोठा डबा.

"मोइन," साहेब म्हणाले.

उत्तरेचे निघाले! पण मी आधीच तोंड उघडलं होतं. "गुटन टाग!"

"मोइन," साहेब पुन्हा म्हणाले, यावेळी जरा हळू.

"एवढंच?" मागून अम्मी कुजबुजली. "रागावलाय रे तो! मोठं काढ कायतरी!"

मी शबानाला खूण केली. ती पदर सावरत पुढे आली. "ग्रूस गॉट!"

साहेबांनी मान हलवली. एवढीशी.

"बघ, आता तर बोलणंच टाकलं!" अम्मी स्वतःच पुढे झाली. 'सर्वुस' तिच्या वाट्याला होतं. ते तिनं दोन्ही हात वर करून, दुआ दिल्यासारखं म्हटलं. तिचे हात डोक्यापर्यंत पोचावेत म्हणून साहेब बिचारे कमरेत वाकले. डबाही वाकला. पहिला थेंब त्यांच्या बुटावर पडला.

"ग्रुएत्सी!" मी घाईघाईनं स्वित्झर्लंडही सोडला.

साहेबांच्या बाहीवरून व्हॅनिला वाहत होतं. ते आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. नमस्कार पुरा व्हायची आम्ही वाट बघतोय आणि 'आत या' म्हणायची ते!

शेवटी ते खोल आवाजात इंग्रजीत म्हणाले, "माझा वार चुकला वाटतं. मी पुन्हा कधीतरी येतो." आणि वळले लिफ्टकडे!

माझं ट्रेनिंग कोट-टाय घालून, ठिपके सांडत चाललं होतं. मी अनवाणी मागे धावलो, व्हॅनिलावरून घसरलो आणि साहेबांच्या पायाशी जाऊन बसलो. एवढा लवून नमस्कार जर्मनीच्या कुठल्याच भागात करत नसतील.

"अंकल," झोया दारातून इंग्रजीत ओरडली, "प्लीज आत या, फिश थंड होतोय!"

एका वाक्यात पाहुणा आत. कॉलेजात न जाता.

जेवताना साहेबांनी सांगितलं, की त्यांच्या किनाऱ्यावर एक 'मोइन' पुरतं. त्यात सलाम, तब्येत, हवापाणी सगळं आलं. दोनदा म्हणणारा माणूस बडबड्या ठरतो. मी ते अम्मीला समजावलं. तिला खरं वाटेना.

"विचार त्याला, कोंबड्यांचं पण येतं त्यात?"

मी विचारलं. काय करणार! साहेबांनी घास खाली ठेवला, नीट विचार केला आणि म्हणाले, "हो. कोंबड्यांचंही येतं."

अम्मीनं त्यांच्या पानात सुरमईचा सर्वांत मोठा तुकडा वाढला. माझ्या पानातून उचलून.

रविवारी साहेबांनी मला बोलावलं. "तू जा. पण दक्षिणेतल्या कारखान्यात. उत्तरेत पाठवलं तर फाटकावर नमस्कार संपेस्तोवर तुझी शिफ्ट संपेल."

मी बव्हेरियात पोचलो. अम्मी एव्हाना गावी परतली होती. पहिल्याच संध्याकाळी, बाहेर कडाक्याची थंडी, खोलीत मी एकटा, आणि तिचा फोन आला. मी आरामात टेकून बसलो. आता तासभर निश्चिंती.

"मोइन," अम्मी म्हणाली.

"अम्मी, कशी आहेस? आणि..."

"सगळं आलं त्यात!" म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग खानदानातल्या पहिल्या ग्रॅज्युएटनं डोळे पुसले, परत फोन लावला, आणि स्वतःहून एकेका कोंबडीची खुशाली विचारली.