प्रेसिडेंट आबा

साक्री तालुक्यात माजी सरपंचांच्या मोटरसायकली मी पुष्कळ पाहिल्या. पाटीवर 'सरपंच' हा शब्द लांबूनही वाचता येईल एवढा, आणि त्याच्या डोक्यावर 'माजी' मुंगीएवढा. आबांच्या गाडीवर नेमकं उलटं होतं. 'माजी' ठळक लाल अक्षरांत आणि 'सरपंच' खाली बारीक. रंगवणाऱ्याची चूक झाली असेल असं वाटून मी त्यांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "चूक नाही बाई, मीच सांगितलं तसं. सध्या जे काम चालू शे, ते मोठं लिवाले पाहिजे."

मी मूळची जळगावची. आबांच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा वर्षं शिक्षिका होते. गाव डोंगराच्या पायथ्याशी, पावसाच्या भरवशावरचं. आबांचं शेत शाळेच्या मागेच होतं आणि त्यात दर खरिपाला भुईमूग ठरलेला. गावात त्यांना सगळे 'प्रेसिडेंट आबा' म्हणत. त्याचं कारण त्यांच्या तरुणपणात होतं. धुळ्याला कॉलेजात असताना त्यांनी पेपरात वाचलं, की अमेरिकेत एक शेंगांचा शेतकरी राष्ट्राध्यक्ष झाला. ते तडक गावी आले आणि वडिलांना म्हणाले, "अमेरिकाना प्रेसिडेंट शेंगा पेरस." वडील निंदणी करत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग तेले सांग, आपली निंदनी बाकी शे." तेव्हापासून हे नाव चिकटलं, ते चिकटलंच.

त्या राष्ट्राध्यक्षाचं नाव गावात कुणाला धड उच्चारता येत नसे. आबा त्याला 'आपला शेंगावाला' म्हणत. दरवर्षी चौथीच्या वर्गाला ते त्याची गोष्ट सांगायला येत. लहानपणी घरात वीज नव्हती, उकडलेल्या शेंगा गावात फिरून विकायचा, पुढे पाणबुडीवर नोकरीला लागला, वडील गेल्यावर नोकरी सोडून शेतावर परत आला. मुलांना पाणबुडी आवडायची. आबांना मात्र आवडायचा तो नंतरचा भाग. चार वर्षं राज्य करून तो दुसऱ्या निवडणुकीत सपाटून हरला, आणि आपल्या खेड्यातल्या जुन्याच घरी राहायला आला. मग हातात हातोडी घेऊन गोरगरिबांची घरं बांधू लागला. हा भाग आबा इतका रंगवून सांगत, की मधल्या सुट्टीची घंटा वाजली तरी थांबत नसत. मी एकदा म्हटलं, "आबा, मुलांना जिंकलेल्याची गोष्ट सांगा ना." ते म्हणाले, "जिंकनाराच्या तं बठ्ठा लोक सांगतस. हारनारा दुसऱ्या दिवशी उठून काय करस, ते कोन सांगस?"

स्वतः हरायची पाळी आली, तेव्हा मात्र आबांना ते सोपं गेलं नाही.

आमच्या शाळेचे दोन वर्ग ओसरीवर बसत. आबा सरपंच असताना त्यांनी खटपट करून नवीन खोली मंजूर करून आणली. जागा गावठाणातलीच, पण तिच्यावर चार-पाच जणांचे गुरांचे गोठे होते. त्यातला पहिला गोठा आबांच्या धाकट्या भावाचा, नानांचा. ग्रामसेवक म्हणाले, आधी दुसऱ्यांपासून सुरुवात करू. आबा म्हणाले, "आपल्या घरचा राहू दिला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगू?" नानांचा गोठा आधी निघाला. पत्रे उतरवत असताना नाना समोरच्या लिंबाखाली उभे होते. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

वर्षभराने निवडणूक झाली आणि आबा अगदी थोडक्या मतांनी पडले. तेवढी मतं नानांच्या एका घरातच होती. गावाने हे दोन आकडे जुळवून काय ते ओळखलं. पण आबांसमोर कुणी तसं सूचित केलं, तर ते म्हणत, "मत गुप्त राहस. तू काय पेटीत बसेल व्हता का?"

आठ दिवस ते शेतातून बाहेर आले नाहीत. शाळेसमोरचा रस्ता सोडून बांधावरून जायचे. त्यांच्या पत्नी, अक्का, मला पाणवठ्यावर म्हणाल्या, "जेवतात, पण चव विचारली तर सांगता येत नाही त्यांना." नवव्या दिवशी मी एका सहीसाठी नव्या सरपंचांच्या घरी गेले होते. हे सरपंच तरुण, आणि त्यांच्या काकांचाही गोठा त्या जागेवरून निघालेला. आबा आले ते काखेत जाड फाईल घेऊन. खोलीचा नकाशा, मंजुरी, कंत्राटदाराची पत्रं, सगळं त्यांनी एकेक करून समजावलं. सरपंच शेवटी म्हणाले, "आबा, हे मी पुरं केलं तर नाव माझंच होईल."

"होऊ दे. पोरं कुठे बसतीन, तेवढं पाहा."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?" आबा थोडं चालून मग बोलले. "वाटलं ना बाई. घरून निघताना दोनदा परत फिरलो. अक्काने फाईल हातात दिली तेव्हा आलो."

काम सुरू झालं आणि कंत्राटदाराने ते अर्ध्यावर सोडलं. तेव्हा गावाने श्रमदानाने भिंती उभ्या केल्या. आबा रोज सकाळी येत, विटा भिजवत, गवंड्याच्या हातातला ओळंबा घेऊन भिंत सरळ आहे का ते पाहत. कुणी थट्टेने "या प्रेसिडेंट" म्हटलं, तर टोपी काढून नमस्कार करत. उद्घाटनाला ते मुलांच्या मागे सतरंजीवर बसले होते. नाना आले नव्हते. नानांची नात मात्र पहिल्या बाकावर बसली, आणि आबांनी तिला दप्तर कुठे अडकवायचं ते दाखवलं.

माझी जळगावला बदली झाली त्या सकाळी आबा थांब्यावर आले होते. पिशवीभर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि म्हणाले, "नव्या शाळेतही गोष्ट सांगा. पाणबुडी थोडीच सांगा." मी अजून तशीच सांगते.

पुढे फोनवर कळत राहिलं. नाना ओट्यावरून घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मुलगा सुरतला नोकरीला, घरी सून आणि नात. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालवलं नाही तर माणूस खाटेला खिळेल. आबा रोज सकाळी नानांच्या घरी जाऊन त्यांना चालवू लागले. "नाना बोलतात का आता?" मी आबांना विचारलं. "नाही. पण खांद्यावर हात ठेवतो. चाललं."

तो अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष शंभर वर्षांचा होऊन गेला. अंत्ययात्रा टीव्हीवर दाखवली त्या दिवशी मी आबांना फोन लावला. त्यांनी बातमी पाहिली होती, पण निवेदकाचं सगळं कळलं नव्हतं.

"त्याले कुठे नेलं, बाई?"

"त्याच्याच गावी. घराच्या आवारातच दफन केलं म्हणतात, बायकोच्या शेजारी."

आबा म्हणाले, "घरी पोहोचला तं मग. बरं झालं."

तेच आमचं शेवटचं बोलणं. पुढच्या पेरणीनंतर एका दुपारी शेतात आंब्याखाली आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी दारावर गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. ओट्यावर नाना काठी घेऊन बसले होते. अक्का चहा ठेवायला आत गेल्या. त्या आत गेल्यावर नाना हळूच म्हणाले, "बाई, तेले मीच पाडं. आमना घरनं एक बी मत तेले नही गयं."

मी एवढंच विचारलं, "आबांना ठाऊक होतं?"

"पयल्या दिनपासून."

"तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांच्याशी?"

नानांनी उपरण्याने डोळे पुसले. "एक दिन चालता चालता सांगाले लागनू. तो म्हने, नाना, बोलू नको, पाय उचल."